कूलंट कमी होतंय, पण गळती कुठेच दिसत नाही? टर्बो गाडीत आधी इथे बघा

गाडी पाच वर्षं जुनी, छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, मीटरवर ६८ हजार किमी. तक्रार एकच आणि तीच तीच: कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, डबा दर दोन-तीन आठवड्यांनी 'मॅक्स'च्या खुणेवरून 'मिन'पर्यंत उतरतो. खाली फरशीवर थेंब नाही. इंजिन गरम होत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑइल स्वच्छ. तीन वेळा गॅरेजला गेली, तीन वेळा "झालं काम" म्हणून परत आली आणि तिन्ही वेळा डबा पुन्हा उतरला.

पहिल्या खेपेला झाकण बदललं. दुसऱ्या खेपेला वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. तिसऱ्या खेपेला वरचा होज पाईप आणि त्याच्या दोन क्लिपा. चौथ्या खेपेला "हेड उतरवून बघायला लागतंय साहेब, गॅस्केट गेलं असणार" हे ऐकलं आणि मी चावी परत मागून घेतली. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं इंजिनाचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्याखालची फट बुजवणारी पातळ पत्री. हेड उतरवायला माझी ना नव्हती. पण कशावरून म्हणता, असं विचारलं की उत्तर "अनुभवावरून" एवढंच. हेड उतरवायचा खर्च अनुभवावर करायचा नसतो.

शेवटी दोष निघाला तांब्याच्या दोन वायसरांचा. एक वायसर साठ रुपयांना.

थेंब गेला कुठे?

टर्बोत एका दांड्यावर दोन पंखे असतात. एक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूने फिरतो, दुसरा त्याच जोरावर इंजिनात हवा कोंबतो. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. पेट्रोल गाडीत गरम बाजूचं तापमान चढावर ९०० अंशांच्या आसपास जातं. त्या दांड्याच्या बेअरिंगला ऑइल लागतंच, पण बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या घराभोवती कूलंटही फिरवलेलं असतं, गाडी बंद केल्यावर आतलं ऑइल जळून कोळसा होऊ नये म्हणून. म्हणजे कूलंटचे दोन बारीक पाईप थेट भट्टीच्या शेजारून जातात. एक नेणारा, एक आणणारा.

आता गंमत बघा. कूलंटच्या यंत्रणेत दाब तयार होतो तो इंजिन तापल्यावर. बारीक फट असेल तर ती दाबाखालीच झिरपते. आणि दाब असतो तेव्हा टर्बो तापलेला असतो, त्यामुळे बाहेर आलेला थेंब खाली पडायच्या आधीच चुर्र करून उडून जातो. इंजिन गार झालं की दाब जातो, दाब गेला की गळती थांबते. सकाळी तुम्ही टॉर्च घेऊन बॉनेटखाली डोकं घालता तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत. गॅरेजमध्येही तेच होतं.

त्यामुळे टर्बो गाडीत पाणी शोधत बसू नका. पाणी उडून गेल्यावर मागे राहतो तो डाग शोधा. कूलंटमधली रसायनं मिठासारखी सुकून बसतात. कूलंट गुलाबी असेल तर पांढरट-गुलाबी खपली, हिरवं असेल तर हिरवट. आणि वास: गाडी घाटातून आणून उभी केली, बॉनेट उघडलं आणि पाक उकळल्यासारखा गोडसर वास आला, तर कूलंट कुठेतरी तापलेल्या लोखंडावर पडतंय हे नक्की समजा. हा वास मला दोन महिने येत होता. मी तो शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातून येतोय असं समजत होतो.

आधी वही

पाना हातात घ्यायच्या आधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवली. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावली, शाळेतल्या पट्टीने मिलिमीटरच्या खुणा केल्या. रोज सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, गाडी पार्किंगच्या त्याच जागी असताना पातळी बघायची. दुपारी तापलेल्या इंजिनाची पातळी बघून काही कळत नाही, कूलंट फुगून बोटभर वर आलेलं असतं. उतारावर उभ्या केलेल्या गाडीचंही तसंच.

वहीतल्या दोन ओळी जशाच्या तशा:

"शहरात १२ दिवस, २१० किमी. पातळी ४ मिमी खाली."
"वैभववाडीला जाऊन परत, दीडशे किमी, येताना कारूळ घाट. पातळी ११ मिमी खाली."

कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंतचा रस्ता तसा निवांत. खरा दम लागतो तो वैभववाडीहून कारूळ घाट चढून वर येताना. चार माणसं, एसी चालू, दुसरा-तिसरा गिअर, टर्बो सतत भरलेला. म्हणजे गळती किलोमीटरवर नाही, जोरावर अवलंबून होती. एवढ्या एका गोष्टीने संशयितांची यादी निम्मी झाली.

तुमच्या वहीत वेगळं निघू शकतं. गाडी नुसती उभी राहूनही पातळी उतरत असेल, विशेषतः थंडीत, तर होज पाईपांच्या क्लिपा बघा. गार झाल्यावर रबर आकसतं, पिळायची क्लिप तेवढी आकसत नाही आणि पहाटे दोन थेंब सुटतात. इंजिन तापलं की फट आपोआप बुजते. कंपनीने लावलेल्या स्प्रिंगच्या क्लिपा काढून बाजारातल्या स्क्रूच्या क्लिपा लावलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं. आणि पातळी रोज नेमाने, घाट असो वा नसो, सारखीच उतरत असेल, बाहेर एकही डाग नसेल, तर मात्र कूलंट इंजिनाच्या आत जातंय असं धरून चाला.

पावसाळ्यात एक घोळ होतो. गाडीखाली पाणी दिसतं ते बहुतेक वेळा एसीचं असतं, डॅशबोर्डखालून नळीने टपकणारं. बोटाला घेऊन चोळा. एसीचं पाणी पाण्यासारखंच लागतं, कूलंट बुळबुळीत लागतं. चाखून बघू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोड असल्यामुळे मांजरं-कुत्री ते चाटतात. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका.

पटकन वगळण्याच्या जागा

झाकण: रबर फाटलंय का, डब्याच्या गळ्याभोवती सुकलेली खपली आहे का. झाकणातली झडप लवकर उघडत असेल तर घाटात कूलंट तिथूनच बाहेर फेकलं जातं. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं. झाकणाने दाब धरला की हाच आकडा १२५च्या पुढे जातो. झाकण मेलं की ही सगळी सवलत गेली. माझं झाकण आधीच बदललेलं होतं आणि ते बरोबर आकड्याचं होतं. वर १०८ छापलेलं, म्हणजे १०८ किलोपास्कल, जवळपास १.१ बार. जुन्यावर असेल तोच आकडा नव्यावर पाहिजे. "हे पण बसतंय" म्हणून दिलेलं झाकण घेऊ नका.

वॉटर बॉडी: खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. ओघळाचा डाग नसेल तर पंप बदलायचं कारण नाही. माझ्या जुन्या पंपाला डाग नव्हता, हे मला तो बदलून झाल्यावर, काढलेला पंप हातात घेतल्यावर कळलं. ५,८०० रुपये मजुरीसकट.

हीटरचं छोटं रेडिएटर डॅशबोर्डच्या आत असतं. ते गळत असेल तर डावीकडच्या पायाखालचं मॅट ओलं होतं आणि काचेला आतून तेलकट धुकं धरतं. थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापल्यावर कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं, घर हल्ली प्लास्टिकचं असतं, जोडाच्या रेषेवर बोट फिरवा. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जुळतात ती कड टॉर्च तिरपी धरून बघा. सरळ प्रकाशात खपली दिसत नाही.

हेड गॅस्केट: अंदाज नको, पुरावा पाहिजे

कूलंट कमी होतंय म्हटलं की आपल्याकडे पहिला आरोपी हेड गॅस्केट. आरोप खोटा असतोच असं नाही. पण तपासायला हेड उतरवावं लागत नाही.

सगळ्यात साधी परीक्षा फुकट आहे. रात्रभर गार झालेलं इंजिन चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज हातात धरा. मिनिटभरात, इंजिन अजून कोमटही नसताना, तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. निरोगी इंजिनात होज हळूहळू, तापमानासोबत ताठ होतो.

दुसरी परीक्षा रंगाची. काचेच्या नळीत निळं द्रव असतं, ती डब्याच्या तोंडावर बसवायची आणि इंजिन चालू ठेवून डब्यातली हवा त्या द्रवातून ओढायची. हवेत जळका वायू असेल तर पेट्रोल इंजिनात निळा रंग पिवळा पडतो. कूलंट नळीत ओढलं जाऊ नये म्हणून पातळी आधी थोडी खाली घ्यायची, नाहीतर परीक्षा वाया. आम्ही दहा मिनिटं रबराचा फुगा दाबत बसलो. निळ्याचं निळंच राहिलं.

तिसरी, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढून बघायचे. एखाद्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा नुकताच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये वाफ होतेय. माझे चारही सारखेच तपकिरी. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नका. रोज दोन-तीन किमीच चालणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही ती धरते. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गाडी चालूच करू नका.

एवढं झाल्यावर हेडचा विषय मी बंद केला.

उष्णतेशिवाय दाब

वर सांगितलं तसं, दाब आहे तेव्हा उष्णता आहे आणि उष्णता आहे तोवर थेंब टिकत नाही. मग गार इंजिनाला बाहेरून दाब द्यायचा. त्यासाठी हाताने मारायचा पंप मिळतो, सायकलच्या पंपासारखा, पुढे दाबाचा काटा आणि डब्याला बसणारी टोपी. गॅरेजमध्ये ही परीक्षा झालीच होती, पंधरा मिनिटं, "काटा हलला नाही" म्हणून पास.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडून पंप मागायला गेलो आणि विचारलं, "मामा, रात्रभर लावून ठेवला तर चालेल?"

"चालतंय की. पंधरा मिनिटांत जे बोलत नाही ते रात्रीत बोलतंय. पण इंजिन गार कर आधी, नाहीतर काटा उगंच खाली येतोय."

हे महत्त्वाचं आहे. इंजिन कोमट असताना दाब भरला तर ते गार होताना काटा आपसूक उतरतो आणि नसलेली गळती दिसते. म्हणून संध्याकाळी सातला गाडी लावली, रात्री साडेअकराला पंप बसवला. १.१ बार भरला. झाकणावरच्या आकड्याच्या वर जायचं नाही, नाहीतर चांगला होज किंवा रेडिएटर फोडून घ्याल. गाडीखाली रद्दीचे पेपर अंथरले.

सकाळी सहाला काटा ०.७ वर. पेपर कोरडे! दोन मिनिटं काही सुचेना. दाब गेलाय म्हणजे पाणी कुठूनतरी गेलंय, आणि खाली आलेलं नाही म्हणजे वाटेत कुठेतरी अडलंय. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, बाजूला, टर्बोवर पत्र्याचं कवच असतं, हीट शील्ड. दहाच्या पान्याचे तीन बोल्ट, त्यातला एक गंजलेला. कवच काढलं. दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तसला छोटा आरसा आणि मोबाइलची टॉर्च घेऊन टर्बोच्या मागच्या अंगाला बघितलं.

परतीच्या पाईपाच्या जोडाभोवती पांढरट-गुलाबी खपलीचं कडं होतं, तव्यावर दूध उतू जाऊन सुकतं तसं. त्याच्या खालच्या कडेला एक गुलाबी थेंब लोंबत होता, आणि कवचाच्या आतल्या खोलगट भागात चमचाभर कूलंट साठलेलं. रोज गाडी चालली की तेच आटून जात होतं.

पंप मिळत नसेल तर दुसरा उपाय म्हणजे कूलंटमध्ये टाकायचा चमकणारा रंग. तो टाकून दोन-तीनशे किमी गाडी चालवायची आणि अंधारात जांभळ्या टॉर्चने बघायचं. डाग पोपटी चमकतो. पण टर्बोच्या अगदी जवळ तो रंगही कधी कधी जळून जातो, म्हणून माझा कल दाबाच्या पंपाकडे.

जोड आणि दुरुस्ती

हा जोड बँजो बोल्टचा असतो. बोल्ट आतून पोकळ, पाईपाच्या टोकाला अंगठीसारखं कडं, कड्याच्या दोन्ही अंगांना एकेक तांब्याचं वायसर. घट्ट करताना वायसर किंचित चेपतं आणि त्या चेपण्यानेच फट बुजते. एकदा चेपलेलं वायसर पुन्हा तसंच बसत नाही.

मग आठवलं. पहिला डबा उतरला त्याच्या महिनाभर आधी टर्बोचा ऑइलचा पाईप बदलला होता, आणि त्या कामात वाटेत येतो म्हणून कूलंटचा पाईप सोडवलेला. बिलात ऑइलच्या पाईपाची वायसरं होती, कूलंटची नव्हती. जुनीच परत लावलेली. खरं तर हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी स्वतःला विचारायला हवा होता: गळती सुरू व्हायच्या आधी इंजिनात शेवटचं काय उघडलं होतं? बिलं जपून ठेवा, आणि पाना फिरवण्याआधी ती वाचा.

दुरुस्ती पाऊण तासाची. गार इंजिन, डब्याचं झाकण काढून दाब सोडला, खाली स्वच्छ ट्रे ठेवला. बोल्ट सोडवला, दोन्ही वायसरं बाहेर काढली. एकावर पहिल्या चेपण्याचा गोल ठसा होता आणि दुसऱ्या वेळी ते केसभर बाजूला सरकून बसलं होतं, म्हणून ठशावर ठसा. कड्याची आणि टर्बोची बसण्याची जागा मऊ ब्रशने खपली काढून साफ केली. खरवडू नका, ओरखडा पडला तर नवं वायसरही गळेल. नवी वायसरं, आणि बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्याने, त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला. पोकळ बोल्ट आहे, हाताच्या अंदाजाने आवळला तर मानेत तुटतो आणि मग टर्बोच उतरवावा लागतो. नेणाऱ्या पाईपाची दोन वायसरंही बदलून टाकली, तेवढ्यासाठी पुन्हा कोण कवच काढणार!

जुने मिस्त्री तांब्याचं वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकतात. ते मऊ होतं आणि पुन्हा वापरता येतं. वाटेत अडकलात तर ठीक, शहरात दुकान उघडं असताना नको.

भरल्यावर घाई नको

कूलंट भरताना टर्बोच्या पाईपात हवा अडकते, कारण तो भाग उंचावर असतो. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरा. तरीही पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरते. माझी दुसऱ्या दिवशी ५ मिमी उतरली आणि पोटात गोळा आला. पुन्हा पंप लावून बघितला, काटा रात्रभर जागचा हलला नाही. अडकलेली हवा निघाली होती, एवढंच.

टॉप-अपला तेच कूलंट वापरा. रंग बघून नाही, डब्यावरचा प्रकार बघून. दोन प्रकार मिसळले तर काही वेळा आत चिखलासारखा गाळ होतो. पाणी घालायचंच तर डिस्टिल्ड. बोअरचं पाणी घालाल तर किटलीत बसतो तसा क्षार त्या बारीक पाईपांत बसेल. आणि हळद! रेडिएटरची बारीक गळती बंद करायला त्यात हळद टाकायची जुनी ट्रकवाल्यांची युक्ती आहे, जुन्या जाड नळ्यांच्या रेडिएटरमध्ये ती चालूनही जायची. टर्बोच्या पाईपात ती गळतीआधी वाटच बुजवेल. बाजारात मिळणाऱ्या गळती-बंद पावडरींबद्दलही माझं हेच मत आहे.

डिझेलवाल्यांसाठी थोडं वेगळं. तुमच्याकडे ईजीआर कूलर असतो, जळका वायू कूलंटने गार करून परत इंजिनात पाठवणारा. तो आतून फुटला की कूलंट थेट वायूच्या वाटेने जातं, बाहेर डाग राहत नाही, आणि लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटची: पातळी उतरते, सकाळी गोडसर वासाचा पांढरा धूर. हेडला हात लावायच्या आधी कूलर वेगळा करून त्यात दाब भरून बघायला सांगा. काही पेट्रोल गाड्यांत टर्बोने कोंबलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही कूलंटनेच गार होतो, तिथेही आतल्या आत गळती होऊ शकते. आणि गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून काही मिनिटं बारीक घरघर येत असेल तर घाबरू नका, तो बहुधा टर्बोला कूलंट फिरवणारा छोटा विजेचा पंप किंवा रेडिएटरचा पंखा असतो.

गळती सापडेपर्यंत गाडी वापरावीच लागली तर घाट टाळा. हे फक्त इंजिनासाठी नाही सांगत. कूलंटमधलं पाणी उडून गेलं की उरलेलं ग्लायकॉल लालबुंद लोखंडावर पेट घेऊ शकतं. घाटात तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद. डब्याच्या झाकणाला हात लावायचा नाही, होज हाताला मऊ लागेपर्यंत तर नाहीच. फडकं धरून जपून उघडतो म्हणणाऱ्या एका मित्राचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला मी बघितला आहे.

दुरुस्तीला चार महिने झाले. कारूळ घाट पाच वेळा चढून झाला. डब्यावरची चिकटपट्टी आता सुटत आलीय.